संकेतस्थळाच्या ग्रेडियंट पार्श्वभूमीसाठी चित्र-स्वरूपाची निवड

संकेतस्थळाच्या पानामागे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरत जाणारी जी छटा दाखविली जाते, तिला ग्रेडियंट पार्श्वभूमी म्हणतात. अशी पार्श्वभूमी जीआयएफ, पीएनजी, जेपीईजी, वेबपी किंवा एव्हीआयएफ या स्वरूपातील चित्र म्हणून, एसव्हीजी या सदिश चित्र म्हणून, अथवा सीएसएस या शैलीभाषेतील सूचनेद्वारे थेट ब्राउझरकडून तयार करवून घेता येते. दिसायला सारखी असली तरी या पद्धतींमध्ये फाइलचा आकार, रंगांची अचूकता, पडद्यावर दिसणारे पट्टे, लागणारी स्मृती आणि वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांशी जुळवून घेण्याची क्षमता या बाबतींत मोठा फरक असतो. छायाचित्रासाठी उत्तम ठरणारे स्वरूप ग्रेडियंटसाठी अनेकदा अयोग्य ठरते. ग्रेडियंटमध्ये बारीक तपशील जवळजवळ नसतो आणि डोळ्याला त्यातील लहानशी चूकही चटकन जाणवते, हे त्याचे कारण होय.

पट्टे पडण्याची समस्या

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांनी ठरतो. सर्वसाधारण चित्रांत प्रत्येक घटकासाठी ८ बिट वापरले जातात. म्हणजे प्रत्येक घटकाच्या ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. तिन्ही घटक मिळून १,६७,७७,२१६ रंग दाखविता येतात. ही संख्या मोठी असली तरी एखाद्या विशिष्ट ग्रेडियंटच्या वाट्याला त्यांतील फारच थोडे रंग येतात.

उदाहरणार्थ, १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर वरून खाली करड्या रंगाची पातळी ३० पासून ६० पर्यंत वाढत जाते असे मानल्यास, या प्रवासात केवळ ३१ पातळ्या उपलब्ध असतात. परिणामी प्रत्येक पातळी सुमारे ३५ पिक्सेल उंचीचा एक सपाट पट्टा व्यापते. दोन रंगांमधील अंतर जितके कमी आणि पृष्ठभाग जितका मोठा, तितके पट्टे रुंद होतात. म्हणूनच गडद आणि सौम्य ग्रेडियंटमध्ये हा दोष अधिक ठळकपणे दिसतो. या दोषाला बँडिंग असे म्हणतात.

मानवी दृष्टी हा दोष आणखी वाढविते. दोन सपाट छटा एकमेकींना भिडतात तेथे उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद भासते. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या आभासाचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून हे आभासी पट्टे ‘माख पट्टे’ म्हणून ओळखले जातात. त्यामुळे केवळ एका पातळीचा फरकही सलग रेषेच्या रूपात डोळ्यांत भरू शकतो.

दोन रंगांमधील एकरेषीय ग्रेडियंटमध्ये एकूण किती वेगळे रंग येऊ शकतात, हे सहज मोजता येते. रंग बदलताना तीनपैकी किमान एका घटकाची पातळी एकाने सरकते. म्हणून रंगांची कमाल संख्या ही तिन्ही घटकांतील फरकांच्या बेरजेपेक्षा एकाने अधिक असते. लाल घटकात ३०, हिरव्यात ४० आणि निळ्यात ५० पातळ्यांचा फरक असल्यास जास्तीत जास्त १२१ रंग लागतात. फरक कितीही मोठा असला तरी ही संख्या ७६६ च्या पुढे जात नाही. स्वरूपाची निवड करताना हे साधे गणित उपयोगी पडते.

इतिहास

पानामागे चित्र ठेवण्याची आणि ते आडवे किंवा उभे पुन्हा पुन्हा मांडण्याची सोय सीएसएसच्या डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पातळीत होती. त्या काळात जाळ्यावर प्रामुख्याने दोन चित्र-स्वरूपे वापरली जात. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणलेले जीआयएफ हे एक, आणि १९९२ मध्ये मानक म्हणून मान्यता मिळालेले जेपीईजी हे दुसरे.

जीआयएफमध्ये वापरलेल्या एलझेडडब्ल्यू या संपीडन पद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. १९९४ च्या अखेरीस या पेटंटसाठी शुल्क आकारले जाणार असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर १९९५ मध्ये पेटंटमुक्त पर्याय म्हणून पीएनजी या स्वरूपाची आखणी सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची शिफारस प्रसिद्ध केली. अमेरिकेतील एलझेडडब्ल्यू पेटंटची मुदत जून २००३ मध्ये संपली. तथापि पीएनजीची अंशतः पारदर्शकता इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये नीट दिसत नसे. ती सोय २००६ मधील ७ व्या आवृत्तीत आली. त्यामुळे मधल्या काळात अनेक संकेतस्थळांवर जीआयएफचाच वापर चालू राहिला.

२००० नंतरच्या दशकात एक पिक्सेल किंवा काही पिक्सेल रुंदीची उभी पट्टी तयार करून ती आडवी पुनरावृत्त करण्याची पद्धत रूढ झाली. पट्टी जेथे संपते तेथून पुढे पानाला तिच्या अखेरच्या रंगाचीच पार्श्वभूमी दिली जाई. त्यामुळे मजकूर कितीही लांब असला तरी जोड दिसत नसे. २००८ मध्ये वेबकिट या ब्राउझर-यंत्रणेने सीएसएसमध्येच ग्रेडियंट लिहिण्याची सोय आणली. पुढे तिची वाक्यरचना बदलून प्रमाणित झाली आणि २०१२ मधील इंटरनेट एक्सप्लोरर १० पर्यंत ती सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचली. तेव्हापासून साध्या ग्रेडियंटसाठी चित्र-फाइलची गरज उरलेली नाही. चित्र-स्वरूपाचा प्रश्न आता मुख्यतः गुंतागुंतीच्या ग्रेडियंटसाठी उद्भवतो.

निरनिराळी स्वरूपे

जीआयएफ

जीआयएफ चित्रात रंगांची एक यादी असते आणि तीत अधिकाधिक २५६ रंग बसतात. या मर्यादेमुळे जीआयएफ ग्रेडियंटसाठी निरुपयोगी आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. वर दिलेल्या उदाहरणातील १२१ रंगांचा ग्रेडियंट जीआयएफमध्ये रंगांची कोणतीही हानी न होता साठविता येतो. मात्र रंगांचा फरक मोठा असल्यास किंवा दोनपेक्षा अधिक रंग असल्यास यादी अपुरी पडते आणि पट्टे वाढतात. अंशतः पारदर्शकता जीआयएफमध्ये नाही. पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शकच असतो. स्थिर चित्रासाठी जीआयएफ जे करते ते सर्व पीएनजीत करता येत असल्याने नव्या कामात त्याची शिफारस केली जात नाही.

पीएनजी

पीएनजी हे हानिरहित स्वरूप आहे. म्हणजे संपीडनानंतर उलगडलेले चित्र मूळ चित्राशी पिक्सेलागणिक जुळते. त्यात रंगयादीचा प्रकार, प्रत्येक घटकासाठी ८ किंवा १६ बिटांचा पूर्णरंगी प्रकार आणि अंशतः पारदर्शकता या तिन्ही सोयी आहेत.

ग्रेडियंट पीएनजीत इतका आटोपशीर का बसतो, याचे उत्तर त्याच्या गाळण्यांमध्ये आहे. संपीडनापूर्वी प्रत्येक ओळीतील मूल्यांऐवजी त्यांचा शेजारच्या मूल्यांशी असलेला फरक साठविता येतो. आडव्या ग्रेडियंटमधील १००, १०१, १०२, १०३ अशी मूल्ये १००, १, १, १ अशी होतात. उभ्या ग्रेडियंटमध्ये एका ओळीतील सर्व पिक्सेल सारखेच असल्याने पहिला पिक्सेल वगळता सर्व फरक शून्य येतात. अशा एकसुरी मालिका डिफ्लेट ही संपीडन पद्धत अत्यंत थोडक्यात मांडते. तिच्या रचनेनुसार संपीडनाचे गुणोत्तर सुमारे १०३२ ला १ याच्या पुढे जात नाही. १९२० × १०८० पिक्सेलच्या पूर्णरंगी चित्राचा कच्चा आकार ६२,२०,८०० बाइट असतो. म्हणून सर्वांत अनुकूल परिस्थितीतही त्याची फाइल सुमारे ६ किलोबाइटच्या खाली येत नाही. रंगयादीचा प्रकार वापरल्यास हीच मर्यादा सुमारे २ किलोबाइटपर्यंत उतरते.

तिरकस किंवा वर्तुळाकार ग्रेडियंटमध्ये फरकांची मालिका इतकी एकसुरी राहत नाही आणि फाइल वाढते. त्यात मुद्दाम कण मिसळल्यास ती झपाट्याने मोठी होते.

जेपीईजी

जेपीईजी हे छायाचित्रांसाठी आखलेले हानीयुक्त स्वरूप आहे. त्यात चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत विभागले जाते. प्रत्येक चौकटीचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती प्रक्रियेने ६४ गुणकांत रूपांतर होते आणि हे गुणक ठरावीक तक्त्यातील संख्यांनी भागून जवळच्या पूर्णांकात आणले जातात. डोळ्याला न जाणवणारे बारीक तपशील या टप्प्यावर गळून पडतात. छायाचित्रात ही युक्ती उत्तम चालते. ग्रेडियंटमध्ये मात्र तीच दोष निर्माण करते.

मानकात नमुन्यादाखल दिलेल्या उजळपणाच्या तक्त्यात पहिली संख्या १६ आहे. चौकटीचा पहिला गुणक तिच्या सरासरी पातळीच्या ८ पट असतो. तो १६ ने भागून पूर्णांकात आणल्यावर सरासरी पातळी केवळ दोन-दोनच्या पायऱ्यांनीच बदलू शकते. चौकटीच्या आत एका पातळीची पायरी असली, तर तिच्यामुळे येणारा उभ्या उताराचा गुणक ४ पेक्षा कमी असतो. तक्त्यातील १२ ने भागल्यावर तो शून्य होतो. म्हणजे चौकट पूर्णपणे सपाट होते. आधीच्या उदाहरणातील ३५ पिक्सेलचे पट्टे त्यामुळे सुमारे ७० पिक्सेलचे होतात आणि त्यांच्या कडा ८ पिक्सेलच्या जाळीवर येऊन बसतात. तिरकस ग्रेडियंटमध्ये याच कारणाने पायऱ्यांसारखे चौकोन दिसतात.

उच्च गुणवत्तेवर तक्त्यातील संख्या लहान होतात आणि हा दोष कमी होतो, परंतु फाइल मोठी होते. शिवाय जेपीईजीत पारदर्शकतेची सोय नाही. पार्श्वभूमीत ग्रेडियंटबरोबर छायाचित्रही मिसळलेले असेल, तेव्हाच जेपीईजीचा विचार करणे सयुक्तिक ठरते.

वेबपी आणि एव्हीआयएफ

गूगलने २०१० मध्ये जाहीर केलेल्या वेबपी स्वरूपाचे हानीयुक्त आणि हानिरहित असे दोन प्रकार आहेत. हानीयुक्त प्रकार व्हीपी८ या चलचित्र-संकेतनावर आधारलेला असून तो ८ बिटांपुरता मर्यादित आहे. त्यात उजळपणासाठी १६ ते २३५ अशा २२० पातळ्याच वापरल्या जातात आणि रंगाची माहिती आडव्या व उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या घनतेने साठविली जाते. सौम्य ग्रेडियंटमध्ये यामुळे पट्टे मूळ चित्रापेक्षा अधिक जाणवू शकतात. हानिरहित प्रकारात ही अडचण नाही. शेजारच्या पिक्सेलांवरून पुढील मूल्याचा अंदाज बांधण्याच्या त्याच्या पद्धती ग्रेडियंटला अनुकूल आहेत.

एव्हीआयएफ हे एव्ही१ या चलचित्र-संकेतनावर आधारलेले स्वरूप असून त्याच्या विनिर्देशाची पहिली आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक घटकासाठी ८, १० किंवा १२ बिट वापरता येतात. १० बिटांत १०२४ पातळ्या मिळतात, म्हणजे ८ बिटांच्या चौपट. त्यामुळे वरील उदाहरणातील पट्टे सुमारे ९ पिक्सेलपर्यंत अरुंद होतात. मात्र हा लाभ पूर्णपणे दिसण्यासाठी ब्राउझर, कार्यप्रणाली आणि पडदा या तिघांनीही ८ पेक्षा अधिक बिट हाताळणे आवश्यक असते. साखळीतील एखादी कडी ८ बिटांची असल्यास चित्र अखेरीस त्याच पातळ्यांवर उतरते.

एसव्हीजी

एसव्हीजी हे सदिश स्वरूप असून त्याची पहिली शिफारस सप्टेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पिक्सेल साठविलेले नसतात. कोणत्या स्थानी कोणता रंग असावा आणि उतार सरळ आहे की वर्तुळाकार, एवढेच मजकुराच्या स्वरूपात लिहिलेले असते. साध्या ग्रेडियंटची फाइल काहीशे बाइटांत मावते आणि कोणत्याही आकाराच्या पडद्यावर तितक्याच स्पष्टपणे काढली जाते. ग्रेडियंटबरोबर आकृत्या, वक्ररेषा किंवा नक्षी हवी असेल तेव्हा एसव्हीजी विशेष सोयीचे ठरते. कणांचा पोत निर्माण करणारी गाळणीही त्यात उपलब्ध आहे. परंतु मोठ्या पृष्ठभागावर ती वापरल्यास प्रक्रियकावरील भार वाढतो.

सीएसएस ग्रेडियंट

सीएसएस ग्रेडियंट ही फाइल नसून ब्राउझरला दिलेली सूचना असते. सरळ, वर्तुळाकार आणि शंकूसारखा फिरता असे तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. वेगळी फाइल मागवावी लागत नाही, सूचना एका ओळीत मावते, घटकाच्या आकारानुसार ग्रेडियंट आपोआप ताणला जातो आणि रंग बदलण्यासाठी चित्र-संपादकाची गरज पडत नाही. अनेक वर्तुळाकार ग्रेडियंट एकमेकांवर रचून ढगाळ, बहुरंगी पार्श्वभूमीही साधता येते.

या पद्धतीतही काही बाबींकडे लक्ष द्यावे लागते. संपूर्ण पानाला दिलेला ग्रेडियंट मजकुराच्या उंचीवरून मोजला जातो. मजकूर थोडा असल्यास तोच ग्रेडियंट खाली पुन्हा सुरू होऊन पानावर आडवा जोड दिसतो. पानाची किमान उंची पडद्याइतकी ठेवल्यास हा दोष टळतो. दुसरी बाब रंगांच्या मध्यबिंदूची आहे. नेहमीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांचा मध्य करडा येतो, कारण तिन्ही घटकांची सरासरी सारखीच होते. मधे आणखी एक रंग देऊन, किंवा ओकेलॅब यांसारख्या दृष्टीच्या जाणिवेवर आधारलेल्या रंगपद्धतीत संक्रमण करण्याची सूचना देऊन हा मळकटपणा टाळता येतो.

पट्टे कमी करण्याचे उपाय

पट्टे मोडण्याचा सर्वांत जुना आणि परिणामकारक उपाय म्हणजे डिदरिंग. यात दोन पातळ्यांच्या सीमेवर दोन्ही छटांचे पिक्सेल विखरून मिसळले जातात. डोळा त्यांची सरासरी घेतो आणि सलग रेषा नाहीशी होते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर मांडलेली, प्रत्येक पिक्सेलची उरलेली चूक शेजाऱ्यांत वाटून देणारी पद्धत यांत सर्वाधिक परिचित आहे. चित्र आधी १६ बिटांत तयार करून ते ८ बिटांवर उतरविताना डिदरिंग केल्यास उत्तम परिणाम मिळतो. आधीच पट्टे पडलेल्या चित्राला नंतर १६ बिटांत बदलल्याने मात्र गमावलेल्या पातळ्या परत येत नाहीत.

डिदरिंग आणि स्वरूप यांचा थेट संबंध आहे. विखुरलेले कण हा बारीक तपशील असल्याने जेपीईजी आणि हानीयुक्त वेबपी तो तपशील काढून टाकतात आणि पट्टे पुन्हा प्रकट होतात. पीएनजीत कण जसेच्या तसे राहतात, पण फाइल बरीच वाढते. असे चित्र ताणून दाखविल्यास कण धूसर होऊन त्यांचा उपयोग कमी होतो, म्हणून ते मूळ आकारातच दाखवावे लागते.

यावरचा मध्यममार्ग म्हणजे सीएसएस ग्रेडियंटवर कणांचा एक लहान, बराचसा पारदर्शक पीएनजी तुकडा फरशीप्रमाणे पुनरावृत्त करणे. १२८ × १२८ पिक्सेलच्या तुकड्यात केवळ १६,३८४ पिक्सेल असतात. त्यामुळे फाइल लहान राहते आणि पट्ट्यांच्या कडाही नजरेआड होतात. रचनेच्या पातळीवर दोन्ही टोकांच्या रंगांतील फरक वाढविणे किंवा ग्रेडियंटचे अंतर कमी करणे हाही साधा उपाय आहे.

फाइलचा आकार आणि स्मृती

फाइल लहान असली म्हणजे चित्र हलके असते, असे नाही. पडद्यावर दाखविण्यासाठी ब्राउझर चित्र पूर्णपणे उलगडतो आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारणपणे ४ बाइट लागतात. १९२० × १०८० पिक्सेलची ६ किलोबाइटची पीएनजी फाइल उलगडल्यावर ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८.३ मेगाबाइट जागा व्यापते. त्याच ग्रेडियंटची एक पिक्सेल रुंदीची पट्टी उलगडल्यावर ४,३२० बाइटांत मावते. कमी स्मृतीच्या मोबाइल संचांवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. मंद किंवा मोजून मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीवर मोठी पार्श्वभूमी उतरविण्याचा वेळ आणि खर्चही वाचकालाच सोसावा लागतो.

गुंतागुंतीचा पण तपशीलहीन ग्रेडियंट अतिशय लहान चित्रात साठवून तो ताणून दाखविणे, हाही एक पर्याय आहे. ताणताना ब्राउझर मधल्या छटा स्वतः भरून काढतो.

मजकुराची सुवाच्यता

पार्श्वभूमीची अंतिम कसोटी तिच्यावरील मजकूर वाचता येणे ही होय. संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ ला १, तर मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ इतके उजळपणाचे गुणोत्तर सांगितले आहे. सपाट रंगावर ही तपासणी एकदाच करावी लागते. ग्रेडियंटवर मात्र ती मजकुराखालील सर्वांत प्रतिकूल बिंदूवर करावी लागते. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या ग्रेडियंटवर पांढरा मजकूर ठेवल्यास करड्या रंगाच्या ११८ व्या पातळीपर्यंतच ४.५ चे गुणोत्तर टिकते. म्हणजे निम्मा पृष्ठभाग गाठण्याआधीच मजकूर निकषाबाहेर जातो. अल्पदृष्टी असलेल्या वाचकांना, तसेच उन्हात मोबाइल पाहणाऱ्या कोणालाही याचा त्रास होतो.

पार्श्वभूमीचे चित्र उतरले नाही तर मजकूर उघडा पडू नये, यासाठी चित्राबरोबर ग्रेडियंटशी मिळताजुळता एक सपाट पार्श्वभूमी-रंगही नेमून ठेवणे आवश्यक मानले जाते. पांढऱ्या अक्षरांमागचे गडद चित्र न आल्यास पांढऱ्यावर पांढरा मजकूर दिसेनासा होतो.

निवडीचा सर्वसाधारण क्रम

* दोन किंवा अधिक रंगांचा सरळ, वर्तुळाकार अथवा फिरता ग्रेडियंट: सीएसएस.
* ग्रेडियंटसोबत आकृत्या किंवा नक्षी: एसव्हीजी.
* पट्टे स्पष्ट दिसत असल्यास: सीएसएस ग्रेडियंटवर कणांचा लहान पीएनजी तुकडा.
* सूत्रात न बसणारा, हाताने रंगविलेला ग्रेडियंट: पीएनजी किंवा हानिरहित वेबपी, रंग २५६ च्या आत असल्यास रंगयादीचा पीएनजी.
* छायाचित्र आणि ग्रेडियंट यांचे मिश्रण: १० बिटांचे एव्हीआयएफ, आणि ते न उघडणाऱ्या ब्राउझरांसाठी उच्च गुणवत्तेचे जेपीईजी.
* जुने ब्राउझर किंवा सीएसएस ग्रेडियंट न मानणारी साधने: पुनरावृत्त होणारी पीएनजी पट्टी आणि सपाट रंग.

कोणतेही स्वरूप निवडले तरी निर्णय एकाच पडद्यावर पाहून घेणे पुरेसे नसते. संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या पडद्यावर न दिसणारे पट्टे स्वस्त पडद्यावर उठून दिसतात, कारण काही पडदे प्रत्येक घटकासाठी ६ बिट, म्हणजे ६४ पातळ्याच प्रत्यक्ष दाखवितात आणि उरलेल्या छटांचा आभास डिदरिंगने निर्माण करतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत आणि उजेडात, मोठ्या पडद्यावर आणि साध्या मोबाइलवर अशी दोन्हीकडे पाहणी केल्यानंतरच निवड निश्चित केली जाते.

हे सुद्धा पहा

* डिदरिंग
* पीएनजी
* जेपीईजी
* एसव्हीजी
* सीएसएस
* माख पट्टे